बावन्न दरवाजे आणि एक बंदर

औरंगाबादला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तोवर माझ्या समुद्रावरच्या बावीस कविता लिहून झाल्या होत्या.

(तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते. आता ते बदलले आहे; समुद्र मात्र अजूनही आलेला नाही.)

मी समुद्र पाहिला नव्हता, पण मला तो ऐकू येत असे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या गच्चीवर दुपारचा वारा सुटला, की शेजारच्या कडुलिंबातून भरती येई. पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वी त्यातून जो दीर्घ, खोल उसासा निघे, त्यात मला गलबतांचे भोंगे ऐकू येत (गलबताला भोंगा नसतो, हे मला नंतर कळवण्यात आले). वाळत घातलेले धोतर फडफडले, की शीड उभारले जाई. उरलेली उणीव माझी थोरली बहीण माई भरून काढी. ती लग्न होऊन रत्नागिरीला गेली होती, आणि ती पाठवी त्या आमसुलांच्या पुडीत तळाशी चिमूटभर वाळू हमखास सापडे. ती वाळू मी कुंकवाच्या एका जुन्या करंड्यात जपून ठेवली होती. शब्द अडला की इतर लोक शब्दकोश उघडतात. मी करंडा उघडून हुंगत असे.

अशा हुंगून लिहिलेल्या त्या बावीस कविता मी माईला वाचायला पाठवल्या. तिने त्या वाचल्या की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. तिने त्या तिथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना नेऊन दिल्या आणि पत्ता स्वतःचा घातला. मी कळवळून जाब विचारला, तेव्हा तिने उलट टपाली लिहिले, "मराठवाड्यातून समुद्र पाठवलास तर कोण घेईल गं शाले? पाकीट कोरडं ठणठणीत लागलं म्हणून तसंच परत करतील."

आणि ऐन श्रावणात संपादकांचे पत्र आले. कविता पसंत होत्या. सहा पानांचा खास विभाग ठरला होता. केवळ एक अट होती: विभाग सचित्र असल्यामुळे, आपल्या ऐतिहासिक बंदराच्या पार्श्वभूमीवर कवयित्रीचा स्वतःचा फोटो हवा, आणि तो आठ दिवसांत हवा; एरवी ती पाने दुसऱ्या कुणाला द्यावी लागतील. "फोटोसाठी उत्तम जागा कोणत्या," संपादकांनी अतिशय सौजन्याने लिहिले होते, "हे जन्मभर त्या किनाऱ्यावर वावरलेल्या आपल्याला आम्ही काय सांगावे?"

ते 'जन्मभर' मला फार लागले.

पत्राच्या खाली माईने पेन्सिलीने जोडले होते: "घाटात दरड कोसळलीय, एसटी बंद आहे. इकडे यायचं मनात आणू नकोस. तिथंच कुठंतरी काढून घे. फोटोत पाणी दिसलं म्हणजे झालं. खारट की गोडं, ते कुणी चाटून बघत नाही."

आता मी खरे तेच कळवायला हवे होते, हे मलाही समजत होते. पण शाळेत असल्यापासून मी लिहीत आले होते, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत माझे छापून आलेले समग्र साहित्य म्हणजे आमच्या गल्लीच्या हळदीकुंकवाचे निमंत्रण. त्यातही 'सुवासिनी'तला सु ऱ्हस्व की दीर्घ यावरून मुद्रकाशी माझा वाद झाला होता आणि मुद्रक जिंकला होता. सहा पाने! त्या सहा पानांसाठी मी औरंगाबादला समुद्रच काय, दीपगृहही आणले असते.

आमचे हे शाळेत भूगोल शिकवत. शाळेचा कॅमेरा त्यांच्याच ताब्यात असे, म्हणून त्यांना विश्वासात घेणे भाग होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी आपण समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहोत ते आधी फुटांत सांगितले, मग मीटरमध्ये सांगितले, आणि खोटा किनारा दाखवणे हा आपल्या विषयाशी द्रोह आहे असे म्हणून ते वर्तमानपत्रात शिरले. मी वाद घातला नाही. दोन दिवस दोन्ही वेळा दोडक्याची भाजी केली. तिसऱ्या दिवशी ताटाकडे पाहून ते म्हणाले, "मी फक्त कॅमेरा धरीन. समुद्र तू म्हणायचं."

राहिला जागेचा प्रश्न. त्यासाठी मी अंकुशभाऊजींना बोलावले. हे यांचे चुलतभाऊ. पडेगावला शेती करत आणि स्वतःच्या टेंपोतून शहरात कांदे आणत. शहागंजातल्या व्यापाऱ्यांशी त्यांची दिवसभर उठबस, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी दखनी मिसळलेली असे. बावन्न दरवाज्यांच्या या शहरातला एकूणएक कोपरा त्यांना तोंडपाठ होता. मी त्यांना शक्य तितक्या नेमक्या शब्दांत सांगितले की मला अशी जागा हवी आहे, जिथे जुना तट असेल, जवळ पाणी असेल आणि पाहणाऱ्याला बंदराचा भास होईल.

"बंदराची जागा?" भाऊजींनी कप खाली ठेवला. "वैनी, भास कशाला? खरेच दावतो की. लई हायेत."

मला वाटले, भाबडा माणूस आहे. पाण्याचे कुठलेही मोठे डबके म्हणजे त्याला बंदर वाटत असणार. मनातल्या मनात मी त्यांच्या निरागसतेवर एक ओळही रचली. (ती पुढे मला स्वतःला लागू पडली.)

रविवार ठरला. आदल्या दुपारी मी पाकिटावर संपादकांचा पत्ता घातला, आणि फोटोखाली छापायची ओळही सुवाच्य अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवली: 'कवयित्री आणि तिचे लाडके बंदर'. पूर्वतयारी हा माझा स्थायीभाव आहे. माझी बहुतेक संकटे पूर्वतयारीतूनच आली आहेत.

रविवारी सकाळी टेंपो दाराशी लागला तेव्हा पुढच्या बैठकीवर सासूबाई बसलेल्या होत्या. जरीकाठी लुगडे, नाकात नथ. कवयित्री मी होते, पण फोटो म्हणजे घरचा फोटो, एवढेच त्यांना ठाऊक होते. आम्ही दोघे मागे उभे राहिलो. फळीला कालच्या कांद्यांचा वास होता आणि पायांखाली त्यांची पातळ, तांबूस साले चुरचुरत होती. डोळे मिटून मी ती किनाऱ्यावरच्या शिंपल्यांची चुरचूर मानून घेतली. डोळ्यांना पाणी आले ते मात्र कांद्याचेच होते.

पहिली जागा मकाई दरवाजा. ही माझी निवड. खाम नदीला श्रावणाचे गढूळ पाणी होते, त्यावर दरवाज्याची ती भक्कम, काळवंडलेली कमान, आणि वर ढग असे उतरून आलेले, की जंजिऱ्यालाही हेवा वाटावा. यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. रोलमध्ये बारा फोटो होते.

"जरा बाजूला सरा, आई," हे म्हणाले.

सासूबाई सरल्या. माझ्या आणखी जवळ सरल्या.

पहिले दोन फोटो तसेच गेले. तिसऱ्याच्या वेळी कमानीखालून सात म्हशी पाण्यात उतरल्या आणि क्षितिजाच्या ठिकाणी बसल्या. लांबून त्या होड्यांसारख्या दिसतील, असे मी म्हणाले. तेवढ्यात एका होडीने शेपूट उडवले. चौथ्या फोटोसाठी मी सासूबाईंना हात जोडून मागे उभे केले आणि एकटीच पाण्याच्या कडेला गेले. दृष्टी दूर लावली, पदर वाऱ्यावर सोडला, आणि बाविसाव्या कवितेत नाखव्याच्या बायकोच्या मनात जी व्याकुळता आहे ती हळूहळू चेहऱ्यावर आणली.

ती बहुधा फार चांगली उतरली असावी. कारण कुणीतरी माझा दंड मागून घट्ट धरला.

डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली एक बाई होती. "नगं बाई," ती अगदी कळवळून म्हणाली. "आसं करू नाय. घरचा तरास हाय का?"

मी नाही म्हणाले. पण व्याकुळता ही वस्तू चेहऱ्यावरून एकदम उतरत नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मग मागे नथ घालून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिले, आणि पाटी खाली ठेवली. पुढची दहा मिनिटे तिने सासूबाईंना सून कशी वागवावी हे सविस्तर सांगितले. पुलावरच्या सायकली थांबल्या. एक म्हातारे गृहस्थ "अम्मा, बच्ची है, समझाके लेव," असे म्हणून निघून गेले. आयुष्यात मला कधी शिळी भाकरीही न वाढणारी ती माउली एवढेच म्हणाली, "अगं, आम्ही फोटू काढायला आलोय."

"जीव द्यायचा फोटू?" बाईने विचारले.

त्या गर्दीत यांच्याकडून कॅमेऱ्याची कळ पाच वेळा दाबली गेली. माझी सुटका झाली ती त्या बाईकडून मेथीच्या सहा जुड्या घेतल्यावर. टेंपोत बसताना सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "शालू, तू आपली देवावर कविता करीत जा. देवळात उभं राह्यलं तर लोक निदान संशय घेत नाहीत."

आता चार फोटो उरले होते आणि मला बंदराचा पत्ता नव्हता. भाऊजी मात्र निश्चिंत होते. पडेगावला घरापाशी थांबून त्यांनी डझनभर केळी आणि फुटाण्यांची एक भरगच्च पिशवी घेतली. मी विचारले, जेवायला का?

"नाय, नाय. बंदरासाठी," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं जाऊ नाय."

मी सद्गदित झाले. कोकणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, हे मीच त्यांना मागे कधीतरी सांगितले होते. या सरळ मनाच्या शेतकऱ्याने ते ध्यानात ठेवले होते. तिकडे नारळ, इकडे केळी. प्रांतभेद म्हणून मी तो स्वीकारला. यांच्या कानात मी म्हणालेही, की लोकमानसाची ही श्रद्धा तुमच्या भूगोलात सापडायची नाही. ह्यांनी केळ्यांकडे बराच वेळ पाहिले, पण दोडक्याची आठवण ताजी होती.

टेंपो दौलताबादला थांबला, आणि किल्ल्याचा तो खंदक समोर आला तेव्हा माझे शब्द खरोखरच थांबले. (हे क्वचित घडते.) कातीव काळ्या कड्याच्या पायाशी हिरवट, गंभीर पाणी. वर बुरूज. ओल्या दगडांचा थंड वास. आणि माणूस एकही नाही. मी भाऊजींना म्हणाले, "भाऊजी, तुम्ही कवी आहात."

"आजून कुठं, वैनी. थांबा जरा," असे म्हणून भाऊजींनी दोन बोटे तोंडात घातली आणि शीळ घातली.

तटावरून काहीतरी हलले. मग झाडावरून. मग मला जो कठडा वाटत होता, तोही हलला. पाच, दहा, वीस. काळ्या तोंडाची, लांब शेपटांची, फुटाण्यांच्या पिशवीवर नजर खिळवलेली.

"भाऊजी, हे काय?"

"बंदर."

"अहो, मी बंदर म्हणाले होते!"

"मंग ह्या काय शेळ्या हायेत?"

आमचे हे त्या क्षणी हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. ते फक्त दुसरीकडे वळले आणि त्यांचे खांदे हलू लागले. मी मात्र तशातही भाऊजींना समजावू लागले, की बंदर म्हणजे जिथे जहाजे लागतात ते. तो मूळ फारसी शब्द असून... इतक्यात माझ्या हातातली वही गेली.

फोटोत शोभावी म्हणून मी बावीस कवितांची वही छातीशी धरली होती. एका थोराड वानराने ती इतक्या सफाईने घेतली, की आधी मला यांनीच घेतली असे वाटले. ते खंदकाच्या कठड्यावर जाऊन बसले. वही त्याने मांडीवर घेतली, उघडली, दोन पाने उलटली. पुष्कळ रसिकांपेक्षा अधिक शांतपणे. मग तिसरे पान फाडून त्याने तोंडात घातले, डोळे मिटून दोनदा चावले आणि थुंकून टाकले.

माझ्या कवितेची ती पहिली समीक्षा.

मी "अरे, ती भरती-ओहोटीची आहे!" असे ओरडत हात पसरून धावले. सासूबाई मेथीची जुडी उगारून माझ्या मागून आल्या. भाऊजींनी केळी फेकली, त्यामुळे जी आली नव्हती तीही वानरे आली. या सगळ्यात कळ एकदा दाबली गेली, दोनदा, तीनदा, चारदा. शेवटी एका केळ्याच्या बदल्यात वही परत मिळाली. तोवर रोलही संपला होता.

रोल धुवायला औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओत दिला. फोटो मिळायचे त्याच दिवशी पाकीट टपालात पडायला हवे होते, आणि नेमकी त्या दिवशी यांची शाळा होती नि मला ताप होता. भाऊजी कांदे घेऊन तिकडेच चालले होते. दौलताबादच्या प्रकारामुळे ते बिचारे ओशाळले होते, आणि कसली तरी भरपाई करायला उतावीळ होते. मी त्यांच्या हाती ते तयार पाकीट दिले. सांगितले, की ज्यात मी आणि पाणी दोन्ही नीट दिसत असेल असा एकच फोटो निवडा, आत घाला, चिकटवा आणि पोस्टात टाका.

चिठ्ठीचा मला पार विसर पडला होता.

संध्याकाळी त्यांनी अकरा फोटो माझ्यासमोर मांडले. सातांत सासूबाई होत्या आणि मी त्यांच्या पदराआड होते. एकात म्हशी. एकात मेथीवाली, बोट उगारलेली. एकात यांचा अंगठा. एकात माझा उजवा कान आणि पुष्कळ आकाश.

"आणि बारावा?"

"त्यो धाडला की," भाऊजी समाधानाने म्हणाले. "तुमीच म्हणाल्या, तुमी पायजे आन पाणी पायजे. ह्या अकरात येक तर तुमी नाय, न्हाय तर पाणी नाय. त्याच्यात समदं हाय. वही, तुमी, खंदकाचं पाणी. आन आतली चिठ्ठी बी वाचली म्या, खातरी करून घ्यावी म्हणून. त्याच्यात लिहल्यालं बंदर बी हाय."

माझा ताप उतरला. अंगच थंड पडले, त्याला तो तरी काय करणार?

त्यानंतरचे दीड महिने मी पोस्टमनला पाहिले की माजघरात जात असे. दसऱ्याच्या सुमारास संपादकांचे पत्र आले. सासूबाईंनी ते देवापुढे ठेवले, यांनी फोडले, मी कानांवर हात ठेवून ऐकले. संपादकांनी मनापासून क्षमा मागितली होती. आपल्या कविता गंभीर समजून आम्ही केवढी चूक करत होतो, असे त्यांनी लिहिले होते. फोटो आणि त्याखालची ओळ पाहिल्यावर कार्यालयात सगळ्यांना आपला मार्मिक उपहास उमगला, आणि मग कविता पुन्हा वाचताना आम्ही हसून हसून बेजार झालो. विशेषतः नाखव्याच्या बायकोची व्याकुळता. विभाग अर्थातच होणार होता. सहाच्या सहा पाने. फक्त तो आता विनोदी विभागात हलवला होता.

अंक आला. डाव्या पानावर वानर, मांडीवर वही, चेहरा विचारमग्न. उजवीकडून हात पसरून धावणारी मी, तोंड उघडे, पदर खरोखर वाऱ्यावर. मागे मेथीची जुडी घेऊन नथ. आणि खाली माझ्याच सुवाच्य अक्षरातून उतरलेली ओळ: 'कवयित्री आणि तिचे लाडके बंदर'. यांनी तो अंक वर्गात नेऊन दाखवला. सासूबाईंनी गल्लीत दाखवला, आणि एरवी कवितेपासून चार हात दूर राहणाऱ्या बायका त्या संध्याकाळी माझ्या कविता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वाचत होत्या. पाणी कशाचे, हे मी विचारले नाही. तेव्हापासून मला लोक विनोदी लेखनच मागतात. मीही ते निमूटपणे देते.

पुढच्या उन्हाळ्यात घाट मोकळा होता, तेव्हा आम्ही रत्नागिरीला गेलो. माईने मला धक्क्यावर नेऊन उभे केले. तो खरोखरचा समुद्र होता. त्याला कडुलिंबाचा आवाज नव्हता, नळाचा उसासा नव्हता. ओठांवर मीठ येत होते आणि समोर एवढे काही होते, की मला एक अक्षर सुचेना. मी वही उघडली, कुरतडलेल्या, पुन्हा चिकटवलेल्या पानावरची भरती-ओहोटी त्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो ढिम्म हलला नाही. हे म्हणाले, भरतीची वेळ दुपारची आहे.

दोन दिवसांनी माईच्या पत्त्यावर भाऊजींचे कार्ड आले. मजकूर एकाच ओळीचा होता: "वैनी, तिथलं बंदर घावलं का, आन कसं हाय?"

मी उलट टपाली कळवले: "बंदर पाहिले, फार मोठे आहे. पण भाऊजी, तुमचेच बरे होते. त्याने निदान माझी कविता तोंडात तरी घातली होती."